प्रवास विमा: काय मिळतं, काय मिळत नाही आणि क्लेम कुठे अडतो

प्रवास विमा घेतो म्हणजे आपण नेमकं काय घेतो?

कागद एकच असतो, पण त्यात पाच-सहा वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. परदेशात अचानक आलेलं आजारपण किंवा अपघात, रुग्णाला दुसरीकडे किंवा मायदेशी हलवणं, प्रवास रद्द होणं किंवा अर्धवट सोडावा लागणं, उशीर, सामान, आणि आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. प्रत्येक भागाची कमाल रक्कम वेगळी, वजावट (म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) वेगळी, अटी वेगळ्या. जाहिरातीत ठळक छापलेला मोठा आकडा जवळजवळ नेहमीच वैद्यकीय भागाचा असतो. सामानाचा आकडा त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नसू शकतो.

वैद्यकीय सोडून बाकीचे बहुतेक भाग ‘नाव घेतलेल्या कारणांवर’ चालतात. म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या कारणाने नुकसान झालं तरच पैसे. कारण कितीही खरं असलं, तरी यादीत नसेल तर क्लेम बसत नाही. म्हणून पॉलिसी वाचताना आधी ‘काय वगळलं आहे’ ते पान उघडा आणि मग फायद्यांचा तक्ता बघा. लोक नेमकं उलटं करतात.

वैद्यकीय कव्हर किती रकमेचं असावं?

कुठे जाताय त्यावर. उपचारांच्या खर्चात अमेरिका सगळ्यात महाग, म्हणून बऱ्याच कंपन्या ‘अमेरिका आणि कॅनडा धरून’ आणि ‘ते सोडून बाकी जग’ असे दोन वेगळे दर ठेवतात. दुसरा दर घेतला आणि अमेरिकेत विमान बदलायला थांबलात, तर तेवढ्या तासांचं काय, हे आधी विचारून घ्यावं.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस लागू असावं लागतं. पण ही व्हिसा मिळण्याची किमान अट आहे, पुरेशी रक्कम नव्हे. अतिदक्षता विभागातले काही दिवस, एखादी शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांसोबत विमानाने परत आणणं एवढं एकत्र आलं की हा आकडा पटकन संपू शकतो.

एकूण रकमेपेक्षाही उपमर्यादा जास्त फसवतात. विशेषतः ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीत खोलीभाडं रोज इतकं, अतिदक्षता विभाग रोज इतका, सर्जनची फी इतकी, असे आतले आकडे ठरलेले असतात. वर मोठी रक्कम दिसते, पण खोलीची मर्यादा संपली की वरचा खर्च तुमच्या खिशातून. दोन पॉलिसींत वरचा आकडा सारखा असून एक बरीच स्वस्त असेल, तर आधी उपमर्यादा बघा आणि नंतर वजावट.

परदेशात दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर आधी काय करायचं?

जीवावरचं असेल तर आधी रुग्णवाहिका, त्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर. युरोपीय संघात हा क्रमांक ११२ आहे. विमा त्यानंतर.

रुग्ण डॉक्टरांच्या हाती गेला की पॉलिसीवर छापलेल्या मदत केंद्राला फोन करा. हे केंद्र बहुतेकदा विमा कंपनीचं स्वतःचं नसतं. ती वेगळी असिस्टन्स कंपनी असते आणि दवाखान्याशी सगळं बोलणं तीच करते. फोन करताना पाच गोष्टी हाताशी ठेवा: पॉलिसी क्रमांक, रुग्णाचा पासपोर्ट क्रमांक, दवाखान्याचं नाव आणि पत्ता, रुग्ण कोणत्या विभागात आहे, आणि परत फोन येईल असा तिथला चालू नंबर. शेवटची गोष्ट लोक विसरतात. रोमिंग बंद असलेला नंबर देतात आणि मंजुरी अर्धा दिवस लटकते. केंद्राकडून केस क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. पुढचा प्रत्येक मेल, प्रत्येक फोन त्याच क्रमांकावर.

मग केंद्र दवाखान्याकडून वैद्यकीय अहवाल मागवतं आणि पैसे भरण्याची हमी पाठवतं. ही हमी पोहोचेपर्यंत बरेच दवाखाने अनामत मागतात. ती भरावी लागली तर पावती घ्या. ‘कॅशलेस’ याचा अर्थ दारात एक पैसाही लागणार नाही असा नाही.

फोन उशिरा केला तर? ठरलेल्या मुदतीत, बऱ्याचदा २४ किंवा ४८ तासांत, कळवलं नाही तर कंपनी रक्कम कमी करू शकते किंवा ‘आम्ही याच उपचारासाठी दुसरीकडे पाठवलं असतं’ असं म्हणू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर बहुतेक पॉलिसी सवलत देतात, पण मग नातेवाइकांना किंवा सहप्रवाशाला पॉलिसी क्रमांक माहीत हवा. तो फक्त तुमच्या लॉक केलेल्या फोनमध्ये असून उपयोग नाही.

सर्दी, पोटदुखी, पाय मुरगळणं अशा बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे सहसा आधी तुम्हीच भरता आणि नंतर मागता. इथे वजावट लागते. १०० डॉलर वजावट असेल आणि बिल ८० डॉलरचं झालं, तर हाती काही येत नाही. छोट्या बिलांवरून लोक चिडतात, पण हा भाग त्यासाठी नाहीच.

‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ म्हणजे घरी परत आणणं का?

नेहमीच नाही. इव्हॅक्युएशन म्हणजे योग्य उपचार मिळतील अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी हलवणं, आणि ते शेजारच्या देशातलं शहरही असू शकतं. मायदेशी आणणं ही वेगळी बाब आहे आणि तिचा निर्णय असिस्टन्स कंपनीचे डॉक्टर तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतात. ‘आम्हाला इथे बरं वाटत नाही, घरी न्या’ एवढ्यावर ते होत नाही. परस्पर तिकीट काढून परत आलात तर तो खर्च बहुधा बुडतो.

विमानाने हलवण्याला वैद्यकीय कारणांनीही मर्यादा येतात. प्रवासी विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो. शरीरात अडकलेली हवा त्यामुळे फुगते. म्हणून छातीत हवा साठली असेल किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात. नवं प्लास्टर घातल्यावर पहिल्या ४८ तासांत विमान कंपन्या ते उभं कापून सैल करायला लावतात, कारण आत सूज वाढते. स्ट्रेचर न्यायचं तर अनेक आसनं काढावी लागतात आणि प्रत्येक विमानात ती सोय नसते. थांबावं लागल्यामुळे मुक्काम वाढला, तर पॉलिसी आपोआप किती दिवस वाढते, तेही तपासा.

प्रवासात मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी आणण्याचा किंवा तिथेच अंत्यसंस्कार करण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत असतो, आणि तिथेही आधी मदत केंद्राला फोन हीच अट.

मधुमेह किंवा रक्तदाब आहे. विमा मिळेल का?

मिळतो. प्रश्न त्या आजारामुळे उद्भवलेल्या त्रासाला कव्हर आहे का, हा असतो. इथे तीन प्रकार दिसतात: आधीपासूनचे आजार पूर्ण वगळलेले, जीव वाचवण्यापुरतेच धरलेले, किंवा जास्त प्रीमियम घेऊन पूर्ण धरलेले.

‘आधीपासूनचा आजार’ याची व्याख्या बहुतेकांना वाटते त्यापेक्षा रुंद असते. निदान झालेला आजार तर आलाच, पण पॉलिसीआधीच्या ठरावीक काळात ज्या तक्रारीसाठी औषध बदललं, तपासणी लिहून दिली किंवा डॉक्टरांना दाखवलं, तेही त्यात येऊ शकतं. छातीत दुखतंय म्हणून चाचणी सांगितली, ती केली नाही आणि प्रवासात हृदयविकाराचा झटका आला, तर चाचणी लिहून दिलेली ती चिठ्ठी फाइलमध्ये समोर येते.

लपवण्यात काही अर्थ नाही, आणि हे नैतिकता म्हणून सांगत नाही. मोठ्या वैद्यकीय क्लेममध्ये कंपनी जुन्या उपचारांचे कागद मागवते. परदेशातला डॉक्टर दाखल करून घेताना विचारतोच, ‘कोणती औषधं चालू आहेत?’ रुग्ण खरं उत्तर देतो, ते केसपेपरवर चढतं आणि अर्जात ‘नाही’ वर केलेली खूण तिथेच उघडी पडते. मग प्रश्न त्या एका आजारापुरता राहत नाही, चुकीची माहिती दिली म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते. अर्ज एजंटने भरला असेल तरी खाली सही तुमची असते. आजारांचे रकाने स्वतः वाचा.

पॉलिसी घेतल्यानंतर आणि निघण्याआधी तब्येतीत बदल झाला, तर बऱ्याच पॉलिसींत तेही कळवावं लागतं.

प्रवास रद्द केला तर पैसे परत मिळतात का?

यादीतल्या कारणाने रद्द झाला तर, आणि फक्त परत न मिळणारा भाग. हॉटेलने किंवा विमान कंपनीने जेवढे परत दिले, ते वजा होतात.

यादीत सहसा असतं: तुमचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण अथवा मृत्यू, कोर्टाचं समन्स, घराचं आगीने किंवा पुराने मोठं नुकसान, कधीकधी नोकरी जाणं. ‘जवळचा नातेवाईक’ म्हणजे कोण, याची व्याख्या आतल्या पानावर असते. सासू-सासरे बऱ्याचदा असतात, चुलत भाऊ बहुधा नसतो.

यादीत सहसा नसतं: मन बदललं, ऑफिसने रजा नाकारली, मित्राने ऐनवेळी माघार घेतली, तिथे काहीतरी घडेल अशी भीती वाटली. व्हिसा नाकारला जाणं काही पॉलिसींत असतं, बऱ्याच पॉलिसींत नसतं.

‘कोणत्याही कारणाने रद्द’ असं जोडकव्हर काही बाजारांत मिळतं. त्यात साधारण खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत मिळतात, पहिलं बुकिंग केल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच ते घ्यावं लागतं आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. महाग असतं. परत न मिळणाऱ्या बुकिंगची रक्कम मोठी असेल तरच घ्यावं.

आणखी एक फट: टूर कंपनी किंवा विमान कंपनीच बुडाली तर? थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश पर्यटन कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा लाखाहून जास्त प्रवासी परदेशात होते. पुरवठादाराची दिवाळखोरी हा मुद्दा पॉलिसीत स्वतंत्र लिहिलेला असावा लागतो, नसेल तर तो धरलेला नाही असंच समजा.

‘माहीत असलेली घटना’ म्हणून क्लेम नाकारतात, ते काय?

विमा अनपेक्षित गोष्टींचा. वादळाला नाव मिळाल्यावर, संप जाहीर झाल्यावर किंवा सरकारने ‘तिथे जाऊ नका’ असा इशारा दिल्यावर पॉलिसी घेतली, तर त्या घटनेपुरतं कव्हर नसतं. पॉलिसीची तारीखच नाही, तर बुकिंगची तारीखही बघितली जाते.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या एयाफ्यातलायोकुत्ल ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपातलं बरंचसं आकाश जवळपास आठवडाभर विमानांना बंद झालं. त्या वेळी ज्वालामुखीची राख म्हणजे ‘खराब हवामान’ का, यावर वाद झाला. काही कंपन्यांनी पैसे दिले, काहींनी नाही, कारण शब्द पॉलिसीत नव्हता. कोविडच्या वेळीही तसंच: जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी त्याला पॅन्डेमिक म्हटलं, आणि त्याच्या आगेमागे कंपन्यांनी आपापल्या तारखा ठरवून त्यानंतरच्या पॉलिसींसाठी तो माहीत असलेला धोका मानला. आता महासाथीबद्दल वेगळं कलम असतं. त्यात उपचार आहेत की रद्द करण्याचे पैसेही, हे नीट बघावं. बऱ्याचदा फक्त उपचार असतात.

विमान उशिरा सुटलं आणि पुढचं हुकलं. कोण भरपाई देणार?

आधी तिकीट बघा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतील, तर पुढे पोचवणं ही विमान कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. अशा वेळी ‘हुकलेलं कनेक्शन’ हा भाग उपयोगी पडतो, पण मधे ठेवलेला वेळ पॉलिसीच्या किमान तासांपेक्षा कमी नसावा. दीड तासात सामान घेऊन, इमिग्रेशन करून, पुन्हा चेक-इन करण्याचं गणित कंपनी मान्य करत नाही.

उशिराचं कव्हर ठरावीक तासांनंतर सुरू होतं. ६ तासांची अट असेल आणि विमान ५ तास ५० मिनिटं उशिरा सुटलं, तर शून्य. विमान कंपनीकडून उशिराचं कारण आणि तास लिहिलेलं पत्र विमानतळावरच मागा. नंतर मिळवायला आठवडे जातात.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम याहून वेगळा. तिथल्या विमानतळावरून निघणाऱ्या विमानांना तो लागू आहे आणि त्यात अंतरानुसार २५० ते ६०० युरोची भरपाई ठेवली आहे. ती विमान कंपनी देते. वादळासारखं असाधारण कारण असेल तर ती मिळत नाही, पण जेवण आणि राहण्याची सोय तरीही करावी लागते.

सामान हरवलं तर पूर्ण किंमत मिळते का?

क्वचितच. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन वर्षांपूर्वी ९०० डॉलरला घेतलेला कॅमेरा चोरीला गेला. पॉलिसीत सामानाची एकूण मर्यादा १,००० डॉलर, म्हणून वाटतं की पूर्ण मिळतील. आता घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने कमी होणारी किंमत, मूळ किमतीच्या वर्षाला २० टक्के धरला, तर किंमत उरली ५४०. एका वस्तूची मर्यादा ३०० डॉलर, म्हणून ३०० वर आलो. वजावट १००. हाती आले २००. काही पॉलिसींत कॅमेरा आणि लेन्स मिळून एक वस्तू धरतात, लॅपटॉप आणि चार्जरही तसंच. त्यात खरेदीची पावती नसेल तर २०० वरही वाद.

चेक-इन केलेलं सामान आलं नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल भरा. हा कागद नसला की विमान कंपनी आणि विमा कंपनी, दोघीही हात वर करतात. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सामान फुटल्याची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आलेल्या सामानाबद्दलची ते हाती पडल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. यायच्या तारखेनंतर २१ दिवसांत आलंच नाही तर ते हरवलं असं धरून भरपाई मागता येते. विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. विमा कंपनी बहुतेक वेळा या रकमेच्या वरचंच देते, म्हणून आधी विमान कंपनीकडे मागणी करून तिचं उत्तर जोडावं लागतं.

चोरीचा पोलीस अहवाल २४ तासांत. ‘हरवलं’ आणि ‘चोरीला गेलं’ यांत फरक आहे. पोलिसांकडे ‘हरवलं’ लिहून दिलं आणि क्लेम फॉर्मवर ‘चोरी’ लिहिलं, की फाइल तिथेच थांबते. बाकावर बॅग ठेवून फोटो काढायला गेलात, तर ते ‘दुर्लक्षित सामान’ आणि बहुतेक पॉलिसींत ते वगळलेलं. मौल्यवान वस्तू चेक-इनच्या बॅगेत ठेवल्या तर त्याही.

ट्रेकिंग, डायव्हिंग, भाड्याची दुचाकी?

ट्रेकिंगला उंचीची रेषा असते आणि ती पॉलिसीगणिक बदलते. समजा मर्यादा ४,५०० मीटर आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, वाटेतलं डिंगबोचे सुमारे ४,४०० मीटरवर. म्हणजे डिंगबोचेपर्यंत तुम्ही विम्यात आहात आणि विरळ हवेचा त्रास ज्या टप्प्यात वाढण्याची शक्यता जास्त, तिथे नाही. हेलिकॉप्टर मागवायचं असेल तर शक्य तिथे आधी असिस्टन्स कंपनीची मंजुरी. गाइडने परस्पर मागवलं तर बिलावरून वाद ठरलेला.

डायव्हिंगला खोलीची मर्यादा असते, ३० मीटर ही नेहमी दिसणारी, आणि प्रमाणपत्र किंवा सोबत प्रशिक्षक हवा.

दुचाकीत सगळ्यात जास्त क्लेम अडतात ते परवान्यावर. परवान्यावर चारचाकीच असेल, तर आंतरराष्ट्रीय परवान्यावरही दुचाकीचा शिक्का येत नाही. दुकानदाराने गाडी दिली म्हणजे कायदेशीर झालं असं नाही. हेल्मेट नव्हतं, तेही कारण पुरतं. शिवाय भाड्याच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई नेहमीच्या प्रवास विम्यात सहसा नसतेच.

थोडी दारू घेतली असेल तर?

जेवणाबरोबर एक ग्लास घेतला म्हणून क्लेम जात नाही. नशेमुळे अपघात झाला असं दवाखान्याच्या किंवा पोलिसांच्या कागदावर आलं, की जातो.

गरोदरपणात?

अचानक उद्भवलेली गुंतागुंत ठरावीक आठवड्यांपर्यंत काही पॉलिसींत धरतात. नियमित तपासण्या आणि वेळेवर झालेलं बाळंतपण धरत नाहीत. अकाली जन्मलेल्या बाळाच्या अतिदक्षतेचा खर्च वेगळा विचारा. तो सगळ्यात मोठा असू शकतो.

क्रेडिट कार्डावर विमा फुकट मिळतो, तो पुरेल?

आधी तो सुरू कशाने होतो ते बघा. बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डाने काढलेलं असावं लागतं. मग आत काय आहे ते बघा: विमान अपघातातल्या मृत्यूची मोठी रक्कम असते आणि आजारपणाचं काहीच नसतं, असं सर्रास आढळतं. ज्या गोष्टीची शक्यता जास्त, तीच नेमकी सुटलेली.

पॉलिसी कधी घ्यावी, एका प्रवासाची की वर्षाची?

पहिले परत न मिळणारे पैसे भरले त्याच दिवशी. रद्द होण्याचं कव्हर पॉलिसी घेतल्यापासून चालू होतं, वैद्यकीय कव्हर निघाल्यापासून. विमानतळावर जाताना घेतली तर पहिल्याचा काहीच उपयोग उरत नाही.

वर्षाच्या पॉलिसीत प्रत्येक प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, ३० किंवा ४५ असे आकडे दिसतात. मर्यादा ४५ ची आणि मुलांकडे ६० दिवस राहायचं असेल, तर शेवटचे १५ दिवस उघडेच. मुदत वाढवायची असेल तर संपण्याआधी अर्ज करा. संपल्यावर वाढत नाही, नवी घ्यावी लागते आणि मधल्या काळात झालेला आजार तिच्यासाठी ‘आधीपासूनचा’ ठरतो.

क्लेमला कोणते कागद लागतात?

पासपोर्टची पानं, जाण्यायेण्याच्या शिक्क्यांसह. काही देशांत आता शिक्का मारत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास जपा. फोनमधला बोर्डिंग पास उड्डाणानंतर ॲपमधून गायब होऊ शकतो, स्क्रीनशॉट घ्या. उपचारांसाठी डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पैसे भरल्याची पावती. बिल आणि पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एकूण रक्कम’ एवढंच लिहिलेलं बिल परत येतं. कागद स्थानिक भाषेत असतील तर इंग्रजी प्रत दवाखान्यातून निघतानाच मागा.

क्लेम नाकारला. आता?

नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नाकारला त्याच्या क्रमांकासह. ते कलम पॉलिसीच्या पूर्ण मजकुरात शोधा, दोन पानांच्या सारांशात नको. बरेच नकार अपुऱ्या कागदांमुळे असतात आणि कागद जोडून फाइल पुन्हा उघडते. वैद्यकीय कारणाने नाकारला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नेमक्या त्या मुद्द्यावर पत्र घ्या: हा त्रास आधीच्या आजारामुळे झाला की नाही, आणि का. ‘रुग्णाला उपचारांची गरज होती’ असं मोघम पत्र काही कामाचं नाही. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे, आणि तिथे ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पॉलिसी जिथे घेतली त्या देशाच्या विमा लोकपालाकडे किंवा नियामकाकडे. लोकपालाकडे जाण्याची मुदत बहुतेक ठिकाणी कंपनीच्या अंतिम उत्तराच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते पत्र ज्या मेलने किंवा पाकिटातून आलं, तेही फाइलला लावून ठेवा.